सस्तन प्राण्यांचे प्रकार आणि त्यांचं वर्गीकरण : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलांपासून बाजारात बैल पारखणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत अनेकजण विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं शक्य तिथे मराठवाड्यातलीच घेतली आहेत. सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण म्हटलं की कांगारू, जिराफ आणि देवमासा डोळ्यांसमोर येतात, आणि बांधावरचं साळींदर किंवा पडक्या वाड्याच्या आढ्याला लटकलेली पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, मागे राहते. वर्गीकरणातल्या बहुतेक सगळ्या गमती मात्र याच आपल्या प्राण्यांमध्ये दिसतात.

सस्तन प्राणी नेमकं कोणाला म्हणायचं?

पिलांना दूध पाजणारा आणि अंगावर केस असणारा प्राणी म्हणजे सस्तन. केस कमी-जास्त असतील, म्हशीच्या अंगावर विरळ असतात आणि देवमाशाच्या तोंडापाशी मोजकेच राठ केस उरतात, पण ते असतात.

"जो पिल्लू देतो तो सस्तन" ही व्याख्या अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. ती चूक आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसं हे साप अंडी घालत नाहीत, थेट पिलांना जन्म देतात, म्हणून ते सस्तन ठरत नाहीत. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि तरीही सस्तन आहे, कारण अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू आईच्या दुधावर वाढतं.

याशिवाय काही खुणा शरीराच्या आत असतात. सस्तनांचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा असतो आणि कानाच्या आत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. सरपटणाऱ्यांच्या जबड्यात जास्त हाडं असतात. त्यातली सांध्याची दोन हाडं सस्तनांच्या पूर्वजांमध्ये हळूहळू लहान होत कानात गेली आणि ऐकण्याच्या कामी आली. म्हणजे आपण ज्या हातोडी आणि ऐरणीने ऐकतो, ती कधीकाळी जबड्याच्या सांध्याचा भाग होती. दगडात सापडलेल्या कवटीला दूधही नसतं आणि केसही, तिथे जीवाश्मतज्ज्ञ ही हाडंच बघतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असणं, पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसणं याही सस्तनांच्याच खुणा. मानेत मणके बहुधा सातच असतात, चिचुंद्रीलाही सात आणि जिराफालाही सात. अपवाद फार थोडे, त्यात स्लॉथ आणि मॅनॅटी हे ठळक.

जगात सस्तनांच्या किती जाती आहेत?

साडेसहा हजारांच्या आसपास, आणि अजून नव्या सापडत आहेत. भारतात चारशेच्या वर. संख्येने सर्वांत मोठा गण उंदीर आणि खारींचा म्हणजे कृंतकांचा, एकूण जातींपैकी सुमारे ४० टक्के. त्याखालोखाल वटवाघळं, १,४०० हून जास्त जाती. वाघ, हत्ती, गेंडा यांच्यावर आपण जीव टाकतो, पण जातींची मोजदाद केली तर सस्तनांचं जग मुख्यतः उंदीर आणि वटवाघळांचं आहे.

मुख्य प्रकार किती?

तीन, आणि ते पिल्लू कसं वाढतं यावरून ओळखता येतात.

पहिला अंडी घालणाऱ्यांचा. यात आज फक्त पाच जाती उरल्या आहेत, एक प्लॅटिपस आणि चार एकिडना. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी सोडून ते कुठेही नाहीत. त्यांना स्तनाग्रं नसतात, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लू ते चाटतं. प्लॅटिपस खरोखर अंडी घालतो का यावर युरोपात जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला होता. १८८४ मध्ये कॉल्डवेल या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष पाहून तो मिटवला.

दुसरा शिशुधानी प्राण्यांचा : कांगारू, कोआला, अमेरिकेतला ओपॉसम. यांचं पिल्लू अगदी अपुरं जन्मतं, घेवड्याच्या दाण्याएवढं, आणि आईच्या अंगावरून सरपटत जाऊन स्तनाग्राला चिकटतं. पुढची वाढ तिथेच. अनेकांच्या पोटावर त्यासाठी पिशवी असते, सगळ्यांच्या नाही.

तिसरा गट वार असणाऱ्यांचा. पिल्लू गर्भाशयात वारेच्या आधाराने बराच काळ वाढतं. गाय व्याल्यावर वार पडली की नाही हे शेतकरी ज्या काळजीने बघतो, ती हीच वार. भारतातले सगळे सस्तन, आपण धरून, याच गटातले.

वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती : हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

भावकीचा विचार करा. घर, भाऊबंद, कूळ, गाव असं आपण नातं लांबवत नेतो आणि कोण किती पिढ्यांवर आपल्याला मिळतो हे सांगतो. वर्गीकरणही तेच सांगतं. दोन प्राण्यांचा समान पूर्वज किती जवळचा किंवा किती लांबचा, एवढंच. रंग, आकार, राहण्याची जागा किंवा माणसाला होणारा उपयोग यांवरून गट पाडता येतात, पण ते नातं नव्हे. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

काळवीट घेऊ. सृष्टी प्राण्यांची, संघ समपृष्ठरज्जूंचा, वर्ग सस्तनांचा. गण समखुरी, म्हणजे पायाला दोन किंवा चार खूर असणाऱ्यांचा. कुल बोव्हिडी, ज्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढीही येतात. प्रजाती अँटिलोपे, जाती सर्विकाप्रा. शेवटची दोन नावं जोडली की झालं शास्त्रीय नाव, अँटिलोपे सर्विकाप्रा. या प्रजातीत काळवीट एकटाच आहे, त्याला सख्खा भाऊ नाही.

ही द्विनाम पद्धत प्राण्यांसाठी रूढ झाली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून. सस्तन हा वर्गही त्याच आवृत्तीत आला आणि देवमासे माशांतून काढून त्यात घातले गेले. काळवीटाला मात्र लिनियसने शेळीच्या प्रजातीत ठेवलं होतं. आठ वर्षांनी, १७६६ मध्ये, पल्लास या शास्त्रज्ञाने त्याला वेगळी प्रजाती दिली.

देवणी आणि लाल कंधारी या गायीच्या दोन वेगळ्या जाती ना?

बोलताना आपण "जात" म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही, पण प्राणिशास्त्राच्या अर्थाने या दोन जाती नाहीत. देवणी, लाल कंधारी, खिलार, गीर हे सगळे एकाच जातीचे पाळीव वाण. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून ते घडवले. उदगीर-देवणीकडच्या शेतकऱ्यांनी ताकद, दूध आणि ठेवण बघत देवणी जपली. तिच्यातच वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून प्रकार पडले. कंधारकडच्यांनी गडद तांबडा रंग आणि काटकपणा राखला. देवणीची गाय आणि लाल कंधारी वळू यांचं वासरू निरोगी होतं आणि त्याला पुढे पिलंही होतात. एकच जाती असल्याची ही सर्वांत सोपी खूण.

म्हशीचं तसं नाही. मराठवाडी म्हैस आणि गाय एका गोठ्यात शेजारी बांधलेल्या असतात, एकच वैरण खातात, पण त्यांचा संकर होत नाही. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं, आपल्याकडच्या म्हशीच्या पेशीत ५०. कुल एक, पण प्रजातीच वेगळ्या. उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी यांच्यातही असंच अंतर आहे.

मग खेचर कसं जन्मतं?

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे आणि गाढवं शेजारी उभी पाहिली की हा प्रश्न हमखास येतो. घोडा आणि गाढव या दोन जाती असल्या तरी एकाच प्रजातीतल्या, नातं फार जवळचं. म्हणून घोडीला गाढवापासून खेचर होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. विषम संख्येच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे खेचराला स्वतःची पिलं होत नाहीत. अगदी क्वचित एखाद्या मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या नोंदी आहेत, पण वंश चालत नाही.

घोडा, गाढव, गेंडा आणि टॅपिर हे विषमखुरी गणातले. शरीराचा भार मधल्या बोटावर. म्हणून घोडा आणि गाढव गायीपेक्षा गेंड्याच्या जवळचे आहेत.

रोही गाय आहे की हरीण?

सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रानात रोह्यांचा कळप घुसला की होणारं नुकसान मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. त्यामुळे हा प्रश्न कुतूहलापुरता नाही, त्याच्याशी पीक, श्रद्धा आणि कायदा हे तिन्ही जोडलेले आहेत. म्हणून जरा सविस्तर.

ज्याला नीलगाय म्हणतात तो रोही गाय नाही. त्याची प्रजाती वेगळी आणि जगातला त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे चौसिंगा. पण तो काळवीटाचा भाऊबंदही नाही. बोव्हिडी कुलाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत गाय, म्हैस, गवा, रोही आणि चौसिंगा. दुसरीत काळवीट, चिंकारा, शेळी आणि मेंढी. म्हणजे रोही काळवीटापेक्षा गायीच्या जवळचा, आणि काळवीट रोह्यापेक्षा तुमच्या शेळीच्या जवळचा! माळावर दोघं एकत्र चरताना दिसतात तेव्हा हे पटत नाही, पण हाडं आणि डीएनए दोन्ही तेच सांगतात.

आता "हरीण". चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृग, त्यांचं कुलच वेगळं. त्यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची आणि बहुधा फांद्यांची असतात, गळून पडतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, रोही यांची शिंगं हाडाच्या गाभ्यावर बसलेली पोकळ टोपणं असतात. ती गळत नाहीत, तुटली तर तशी परत येत नाहीत, आणि त्यांना फांद्या फुटत नाहीत. बैलाच्या शिंगाचं वरचं आवरण निघालेलं ज्याने पाहिलं असेल त्याला हा फरक लगेच कळेल.

बैलाचे दात बघून वय सांगतात. त्याचा वर्गीकरणाशी काही संबंध?

थेट संबंध आहे. बाजारात जाणकार माणूस बैलाचा ओठ खाली ओढतो आणि आदत (अजून कायमचे दात न आलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (सगळे दात आलेला) असं सांगतो. हे शक्य होतं, कारण बहुतेक सस्तनांना आयुष्यात दातांचे दोनच संच येतात, आधी दुधाचे, मग कायमचे. गुरांमध्ये कायमच्या दातांची मधली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास येते आणि पुढे एकेक जोडी भरत जाते. पालीचे किंवा मगरीचे दात आयुष्यभर पडत आणि येत राहतात, त्यांचं वय असं सांगता येणार नाही.

सस्तनांच्या दातांत कामाची वाटणीही असते : पुढे कापायचे पटाशीचे दात, मग सुळे, मागे दाढा. कोणाला किती आणि कसे दात यावरून गण ओळखता येतो. गुरांच्या वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात, तिथे कडक गादी असते. उंदराला वर दोन आणि खाली दोन असे आयुष्यभर वाढत राहणारे पटाशीचे दात असतात आणि सुळे नसतात. कुत्र्या-मांजरांच्या गालातली एक वरची आणि एक खालची दाढ कात्रीसारखी मांस कापते. खवले मांजराला दातच नाहीत. जुन्या सस्तनांचे कितीतरी गट तर केवळ दातांवरून माहीत आहेत, कारण दात हा शरीराचा सर्वांत टिकाऊ भाग.

चिचुंद्री ही उंदराचीच जात ना?

नाही, आणि जवळची नातेवाईकसुद्धा नाही. चिचुंद्री कीटकभक्षी. लांब निमुळतं नाक, बारीक डोळे, ओळीने टोकदार दात आणि अंगाला उग्र वास. ती झुरळं, किडे, अळ्या खाते. नात्याने ती उंदरापेक्षा वटवाघूळ, गाय आणि कुत्रा यांच्या शाखेत बसते. उंदीर आणि घूस कृंतक, खार आणि साळींदरही कृंतक. साळींदराचे काटे म्हणजे जाड, कडक झालेले केसच. ते काटे फेकून मारतं ही समजूत मात्र खरी नाही. काटे सैल असतात, अंगाला लागले की निघून रुततात. धान्याच्या खोलीत दिसलेल्या चिचुंद्रीला उंदीर समजून मारण्याआधी नाक बघा, ती किडेच वेचत असते.

ससाही उंदरांच्या गणात नाही. १९१२ पर्यंत त्याला कृंतकांतच धरायचे, पण त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते. ससे आणि पिका (सशाचाच छोटा नातेवाईक) यांचा म्हणून वेगळा गण. इथे नातं उंदरांशी जवळचं आहे, पण भावकी निराळी.

रानमांजर, उदमांजर, पाणमांजर, खवले मांजर : सगळी मांजरंच का?

चौघांपैकी मार्जार कुलातलं फक्त रानमांजर. उदमांजराचं कुल वेगळं, मात्र ते मांजरांच्या बाजूच्या शाखेत येतं. पाणमांजर कुत्र्यांच्या बाजूला, मुंगसाशी नाही तर वीझल आणि चांदी अस्वलाशी (ते नावापुरतंच अस्वल) त्याचं जुळतं. आणि खवले मांजर मांसभक्षक गणातच नाही. त्याचा स्वतंत्र गण आहे, जरी मांसभक्षक हेच त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक. त्याची खवलं आपल्या नखांच्याच द्रव्याची, केराटिनची असतात, त्यात औषधी काही नाही. तरीही त्याच खवलांपायी त्याची तस्करी होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे.

खऱ्या मांजरांतलं एक नाव इथे घ्यायलाच हवं : वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली जेमतेम दीड किलोची, भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेही नाही. उसाच्या फडात ती पिलं देते.

ऊसतोडीच्या वेळी अशी पिलं सापडली तर?

हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. त्या जागेपुरती तोड थांबवा, माणसं आणि कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुतेक वेळा आसपासच असते आणि अंधार पडला की पिलं उचलून नेते. वाघाटी आणि बिबट्याची पिलं लहानपणी सारखी वाटू शकतात. बिबट्याची असतील तर आई जवळ असणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे, म्हणूनही मागे सरा.

तरस कुत्र्याच्या कुळातलं की मांजराच्या?

मांजराच्या बाजूचं. दिसायला कुत्र्यासारखं, चालणं वेगळंच, पण मांसभक्षक गणाच्या दोन शाखांपैकी तरस, मुंगूस, उदमांजर आणि मांजरं एका शाखेत. कुत्री, लांडगे, अस्वलं, पाणमांजरं, अगदी समुद्रातले सीलसुद्धा दुसरीत. तरसाच्या कुलात जगभर फक्त चार जाती आहेत, आपल्याकडे अंगावर पट्टे असलेली एकच. मेलेली जनावरं आणि हाडं फस्त करून ते शिवार साफ ठेवतं. त्याच्याबद्दल भुताखेताच्या गोष्टी जोडून त्याला दगड मारणं थांबायला हवं.

कोल्हा आणि खोकड यांत तर नेहमी गोंधळ होतो. कोल्हा मोठा, आठ-दहा किलोचा आणि लांडग्याच्या प्रजातीतला. खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं, कान मोठे, शेपूट झुपकेदार आणि तिचं टोक काळं. ते वेगळ्या प्रजातीतलं. माळरानावर बिळं करून राहतं, उंदीर, टोळ आणि बोरं खातं.

आणि लांडगा. तुमचा पाळीव कुत्रा लांडग्यांपासूनच आला. काहीजण कुत्र्याला लांडग्याची उपजात धरतात, काही वेगळी जाती. पण माळावरचा आपला लांडगा म्हणजे कोणताही लांडगा नव्हे. डीएनएच्या अभ्यासात भारतीय लांडगा ही लांडग्यांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक असल्याचं दिसलं आहे. तो दाट जंगलात राहत नाही. बीड, धाराशिव, जालन्याकडची माळरानं आणि गायरानं हेच त्याचं घर, आणि "पडीक" म्हणून नांगरली जाणारी किंवा खणली जाणारी जमीनही तीच.

वटवाघूळ उडतं, तरी पक्षी का नाही?

त्याला केस आहेत, ते पिलाला दूध पाजतं, आणि त्याचा पंख म्हणजे हाताची लांबलेली बोटं आणि त्यांवर ताणलेली कातडी. खऱ्या अर्थाने उडणारा हा एकमेव सस्तन गण. उडणारा उंदीर म्हणणंही चूक, उंदरांशी त्याचं नातं लांबचं आहे.

वड-पिंपळावर दिवसा लटकलेली मोठी वटवाघळं फळं खातात, डोळ्यांनी बघतात आणि बिया दूरवर नेतात. देवगिरीच्या अंधारी मार्गात किंवा लेण्यांमध्ये फडफडतात त्या पाकोळ्या बहुतांशी कीटक खाणाऱ्या, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधणाऱ्या. पूर्वी मोठी आणि लहान असे दोन उपगण मानत. डीएनएने ती विभागणी मोडली. काही लहान पाकोळ्या, उदाहरणार्थ नालाकृती नाकाच्या, मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्याच जास्त जवळच्या निघाल्या. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे एखादा जुना वड तोडला गेला तर तिथली वसाहत पुन्हा उभी राहायला फार वर्षं लागतात.

माणूस माकडापासून आला का?

आजच्या कोणत्याही माकडापासून नाही. आपला आणि त्यांचा पूर्वज एक होता. चिंपांझी आणि आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालो. लिनियसनेही १७५८ मध्ये माणसाला वानर-माकडांच्या गणातच ठेवलं होतं, उत्क्रांतीचा सिद्धांत येण्याच्या शंभर वर्षं आधी.

आपल्याकडचं काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर मुख्यतः पानं खाणारं. त्याच्या पोटाला कप्पे असतात. लाल तोंडाचं माकड गालाच्या पिशव्यांत खाणं भरून घेतं. माकडांच्या दोन जातींची हद्द पूर्वी साधारण पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी मानली जायची, उत्तरेला रीसस आणि दक्षिणेला टोपी माकड. अलीकडे रीसस दक्षिणेकडे सरकलं आहे.

देवमासा आणि गाय एकाच गणात? हे कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि पुरावा भक्कम आहे. बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं. ही समखुरी गणाची खास खूण. देवमाशांच्या, पाय असलेल्या प्राचीन पूर्वजांचे सांगाडे पाकिस्तानात सापडले, २००१ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्यांच्या घोट्यात नेमकं हेच हाड निघालं. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात सापडलेला इंडोह्यस हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक असल्याचं २००७ मध्ये दाखवण्यात आलं. डीएनए आणखी पुढे जातं. देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, आणि गायीला डुकरापेक्षा देवमासा जवळचा आहे.

शास्त्रज्ञ हे वर्गीकरण सारखं बदलत का असतात?

कारण दिसण्यावरून बांधलेली नाती पुराव्यापुढे टिकत नाहीत. काटे साळींदरालाही आहेत आणि एकिडनालाही. दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे आले. डीएनए वाचता यायला लागल्यावर वारेच्या सस्तनांच्या चार मोठ्या शाखा स्पष्ट झाल्या. आफ्रिकेत उगम पावलेल्यांची, तीत हत्ती आणि समुद्रगाय. दक्षिण अमेरिकेतल्यांची, तीत स्लॉथ आणि आर्माडिलो. तिसरीत उंदीर, ससे आणि माणूस. चौथीत गाय, घोडा, कुत्रा, वटवाघूळ, चिचुंद्री, खवले मांजर. म्हणजे आपण गायीपेक्षा उंदराच्या जवळचे! पुस्तकात जुनी मांडणी असेल तर ती त्या काळच्या पुराव्यावर बरोबर होती, एवढंच समजा.

मराठवाड्याच्या जमिनीत जुन्या सस्तनांचे अवशेष आहेत का?

आपली काळी माती ज्या बेसाल्टपासून बनली, तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हाच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये तळी साचत आणि त्यांत जीव राहत. शेजारच्या तेलंगणात, नसकल इथे, अशाच थरांमध्ये एका चिमुकल्या सस्तनाचे दात सापडले. त्याला डेक्कनोलेस्टिस हे नाव मिळालं. १९८८ मध्ये भारतातला क्रिटेशस काळातला पहिला सस्तन म्हणून त्याची नोंद झाली. डायनोसॉर अजून होते तेव्हा, ज्वालामुखींच्या या प्रदेशात हा मुठीत मावेल एवढा प्राणी वावरत होता.

त्यामानाने अगदी अलीकडचे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचे जीवाश्म मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यात, नदीच्या गाळात मिळाले आहेत. त्यात हत्ती आहेत आणि रानटी गुरं आहेत. आज जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतात, तिथे हत्तींना पुरेल एवढं पाणी आणि चारा होता.

मराठवाड्यात वाघ आहे का?

कायमचा रहिवासी म्हणून नाही, पण येतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक नर २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटापर्यंत पोहोचला. तरुण नर स्वतःची हद्द शोधत शेकडो किलोमीटर चालतात. वाटेत जंगल थोडं आणि शेतंच जास्त असतात.

शिवारात ओळखू न येणारा प्राणी दिसला तर काय बघायचं?

रंग सर्वांत शेवटी, तो उजेडात फसवतो. आधी आकार, ओळखीच्या प्राण्याशी ताडून : मांजराएवढा, कुत्र्याएवढा, वासराएवढा. मग शेपूट किती लांब, झुपकेदार की बारीक, टोकाचा रंग कोणता. मग पाऊल. नखांचे ठसे उमटले असतील तर बहुधा कुत्र्याच्या बाजूचा किंवा तरस, नसतील तर मांजर. खुराचे ठसे असतील तर दोन भागांचा खूर समखुरी, अखंड असेल तर घोडा किंवा गाढव. विष्ठेत केस, बिया की किड्यांची कवचं आहेत हे काडीने बघा, हाताने नको. वेळ, तारीख, गट नंबर किंवा जवळची खूण लिहून ठेवा, ठशाशेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा. मेलेला प्राणी रस्त्यावर आढळला तर त्याचाही फोटो आणि जागा नोंदवा. खोकड, वाघाटी, खवले मांजर कुठे आहेत याची माहिती बरेचदा अशाच नोंदींतून मिळते.